डब्ब्यातली कॉमनची तार

दादाच्या घरी समोरच्या खोलीत एक लाकडी डब्बा उभा आहे. डब्बा म्हणजे व्हिडिओ गेमची जुनी उभी पेटी. वर काच, काचेखाली फळी, फळीवर डाव्या बाजूला एक दांडा आणि उजव्या बाजूला बटणं. पुसदला बसस्टँडमागच्या गल्लीत दादाचं गेमचं दुकान होतं, तेव्हा असे पाच डब्बे होते. पुढं मोबाइल आले, पोट्टे यायचे बंद झाले. चार डब्बे भंगारात गेले आणि हा एक दादानं हातगाडीवर घालून घरी आणला. कायले आणला ते त्यानं कधी सांगितलं नाही. वहिनीनं त्याच्यावर चादर टाकली आणि वर पापडाचे डबे ठेवले.

त्या दुकानाची एक गोष्ट सांगायची राहू नये. डब्ब्यातलं चित्र मधूनच वर वर सरकायला लागायचं. पोट्टे ओरडायचे, "दादा, चित्र पळालं." दादा स्टुलावरून उठायचा, गर्दीतून हात घालायचा आणि डब्ब्याच्या उजव्या कुशीला, बटणांच्या जरा खाली, उजव्या हाताची एक चापट मारायचा. चित्र जागेवर. पोट्ट्यांनी त्याच जागी मारून पाहिलं, मी मारून पाहिलं, मी तर मेकॅनिक. आमच्या हातानं काही होत नसे. दादा परत स्टुलावर जाऊन बसायचा.

मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. अजूनही तो मला लहान्या म्हणतो, मी पन्नाशी ओलांडली तरी. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे पाटी आहे. टीव्ही बिघडला की लोक आता नवा घेतात. माझ्याकडे येतात मिक्सर, रिमोट आणि टेबलफॅन. दिवसभर वाकून कंबर धरते, चष्म्यातून बारीक सोल्डर दिसत नाही, आणि संध्याकाळी शटर ओढताना वाटतं, उद्या नाही उघडलं तर कोणाला कळणारही नाही. हे सगळं चाललं होतं तशात पोळ्यानंतर दादाला लकवा मारला.

उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत परत आला, काठीपुरता. बोलणं अर्धं आलं. हात काही आला नाही. तो मांडीवर पडून राहायचा, बोटं मिटलेली. आणि दादाचा हट्ट असा, की डाव्या हातानं जेवणार नाही. आमच्या घरी डाव्या हातानं कोणी पाण्याचा पेलाही पुढं करत नाही, तर घास कसा घेणार? मग वहिनी त्याला आतल्या खोलीत नेऊन, दार लोटून भरवायची. लेकीनं पुण्याहून येऊन समजावलं, डॉक्टरनं समजावलं. दादा म्हणाला, "माह्या हातानं जेवीन तव्हा बाहेर बसीन." तेवढं वाक्य बोलायला त्याला किती वेळ लागला, ते मी पाहिलं आहे. नंतर कोणी विषय काढला नाही. तो लग्नाला जाईना, बारशाला जाईना. पंगत म्हटली की त्याला ताप यायचा.

व्यायाम घ्यायला एक फिजिओ मॅडम यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला, दादानं तो खिडकीतून फेकला, अर्थात डाव्या हातानं. मॅडम मला अंगणात म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं काही काम द्या त्या हाताला. पहिले काही महिने हात ऐकतो. मग तो ऐकणं सोडतो." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि तिथून उठलं नाही.

दिवाळीला पुतणीनं गेमचं नवं मशीन पाठवलं, टीव्हीला जोडायचं. बाबांचं सगळं आयुष्य गेममध्ये गेलं, हात चालेल, असा तिचा विचार. विचार चांगला होता. पण त्या मशीनचा हातात धरायचा तो पॅड, त्याला दोन्ही हात लागतात आणि दोन्ही अंगठे नाचवावे लागतात. दादाच्या हातातून तो दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा त्यानं घेतलाच नाही. मान वळवून त्या चादरीखालच्या डब्ब्याकडे पाहत बसला.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे मशीन त्या डब्ब्यात नाही का बसवता येणार?"

बसवता येतं हो. पण किती राबावं लागतं, ते करणाऱ्याला विचारा. मी दुपारी दोन ते पाच दुकान बंद ठेवायला लागलो. आधी डब्बा खालून कापून बुटका केला, दादाला खुर्चीत बसून हात पोचावा म्हणून. जुनी काचेची पिक्चर ट्यूब बाहेर काढली, ती एकट्यानं उचलताना कंबरेनं जीवच काढला. त्या जागी लहान एलईडी टीव्ही बसवला. आत उंदरांनी तारा खाल्ल्या होत्या. दांड्याखालच्या पत्त्या गंजल्या होत्या, त्या पॉलिश पेपरनं घासल्या. मग एक स्वस्तातला दुसरा पॅड आणून उघडला. पॅडच्या आत प्रत्येक बटणाखाली दोन ठिपके असतात, ते एकमेकांना भिडले की मशीनला कळतं, बटण दाबलं. प्रत्येक जोडीतल्या एका ठिपक्याला केसासारखी बारीक तार जोडायची आणि ती डब्ब्याच्या मोठ्या बटणापर्यंत आणायची. दुसऱ्या ठिपक्याची बाजू सगळ्यांची एकच. तिला आम्ही कॉमन म्हणतो. एक तार सगळ्या बटणांतून फिरते. ती तुटली की सगळंच मेलं.

पंधरा दिवस लागले. दादा खुर्चीत बसून सगळं पाहायचा. कधी म्हणायचा, "तिथं नाई." आणि खरंच तिथं नसायचं.

मॅडमच्या सांगण्यावरून मी बाकीची बटणं काढून टाकली आणि उजव्या बाजूला एकच मोठं लाल बटण ठेवलं. डाव्या हातानं दांड्यावर विमान फिरवायचं, उजव्यानं गोळी मारायची. पहिल्या दिवशी दादाला खुर्चीत बसवलं, वहिनीनं त्याचा उजवा हात उचलून बटणावर ठेवला. विमान आलं. दादानं जोर लावला. मानेची शीर फुगली, तोंड वाकडं झालं, बटण काही दबेना. समोर विमान फुटत राहिलं. चौथ्यांदा फुटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायलासुद्धा त्याला दांडा सोडावा लागला.

माझ्याच्यानं पाहवलं नाही. लहानपणापासून आमच्याकडे हेच. दादानं घागर उचलली की मी धावायचो, दादानं सायकल काढली की मी पुसायचो. मोठ्याच्या हातचं काम घ्यायचं, हे मला कोणी शिकवलं नाही, ते अंगातच आहे. तर मी काय केलं? त्या स्वस्त पॅडमध्ये एक सोय होती, ती लावली की गोळ्या आपोआप सुटतात, बटण दाबायचं कामच नाही. मी मागचं दार उघडलं आणि ती सोय चालू करून टाकली. म्हटलं, खेळ तर आहे, जेवण थोडंच आहे. एक हात बस झाला.

दादा खेळायला लागला. आणि काय खेळायचा म्हणून सांगू. सकाळी चहा झाला की डब्ब्यापुढं, दुपारी झोप झाली की डब्ब्यापुढं. वहिनी फोनवर लेकीला सांगायची, बाबा हसतात आता. गल्लीतले लोक येऊन पाहून जायचे, म्हणायचे, काय डोकं चालवलं बा तू. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. बऱ्याच वर्षांत माझ्या हातून झालेल्या कामाला कोणी वा म्हटलं होतं.

मॅडमची बदली डोंगराकडच्या तालुक्याला झाली होती. त्या दोन महिन्यांनी सवड काढून आल्या. दादाची बोटं उघडायला गेल्या, तर ती उघडेनात. पहिल्यापेक्षा घट्ट. मग त्या दादाचा खेळ पाहत मागे उभ्या राहिल्या. उजवा हात मांडीवर आणि गोळ्या सुटून राहिल्या.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, हे दोन महिने त्यांच्या हाताचे होते. तुम्ही ते डाव्याला देऊन टाकले."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती.  पदरानं डब्ब्यावरची धूळ पुसत राहिली, तिथं धूळ नसताना.

मॅडम गेल्यावर मी डब्ब्याचं मागचं दार उघडलं. माझा स्वतःवरचा राग होता, तो त्या तारांवर निघाला. आपोआपच्या त्या सोयीची तार हिसका देऊन उपटून टाकली आणि दार लावलं. दादाला म्हटलं, "आता दाबशील तर गोळी सुटीन, नाई तर नाई." असं मी आयुष्यात दादाशी बोललो नव्हतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काठी घेऊन आत निघून गेला.

आठ दिवस तो डब्ब्याजवळ आला नाही. मी रोज जायचो, बसायचो, चहा प्यायचो, यायचो. वहिनी पुन्हा आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. बाहेर बसून मला फक्त चमचा वाजलेला ऐकू यायचा. खरं सांगतो, त्या दिवसांत मी इतका थकलो होतो की वाटायचं, तो डब्बा उचलून पूस नदीत टाकावा.

नवव्या दिवशी गेलो तर दादा डब्ब्यापुढं बसलेला. नुसताच दांडा हलवत होता. गोळी नाही, विमान फुटतं, पुन्हा येतं, पुन्हा फुटतं. गोळ्या चुकवत किती वेळ राहता येतं तेवढंच पाहत असावा. उजवा हात मांडीवर. मी मागे मोडक्या खुर्चीवर बसलो. 

आणि एकदम दांडा चालेना. विमान मधोमध उभं. दादानं दांडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, काहीच नाही. मला जागेवरच कळलं. त्या दिवशी हिसका दिला तेव्हा कॉमनच्या तारेचा टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, हलला होता. मी उठायला लागलो, खिशात टेस्टर होताच.

मी उठेपर्यंत दादाचा उजवा हात उठला. मांडीवरून, खांद्यातून, मिटल्या मुठीचा. डब्ब्याच्या उजव्या कुशीला, जिथं आधी बटणं होती त्याच्या जरा खाली, तो जाऊन आपटला. विचार करून चापट मारली असती तर त्यानं डाव्यानं मारली असती. विचार केलाच नव्हता. विमान हललं.

दादानं दांडा सोडला. आपल्या त्या हाताकडे पाहत बसला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी हातात पोळीचं पीठ घेऊन उभी होती. मला रडू आलं, मी रडलो. त्यात लपवायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी सोल्डरिंग आयर्न घेऊन गेलो. सवयच ती, टाका ढिला दिसला की हाताला खाज येते. प्लग लावला, आयर्न तापलं, मागचं दार उघडलं. कॉमनची तार टाक्यावर नुसती टेकलेली होती. दादा खुर्चीवरून म्हणाला, "लहान्या. राहू दे."

मी म्हटलं, "अरे पण तुटून राह्यली ना घडीघडी."

"राहू दे."

त्याला दुकान चालवायची अक्कल माझ्यापेक्षा आधीपासून जास्त होती. मी प्लग काढला. तेव्हापासून तो डब्बा दिवसातून दहादा बंद पडतो आणि दादा दहादा हात मारतो. आधी मूठ आपटायची, मग हळूहळू पंजाची कड लागायला लागली. मॅडम मध्ये एकदा येऊन गेल्या. म्हणाल्या, खांदा आला, कोपर येईल, बोटांचं सांगता येत नाही, गेलेले दिवस गेले. ते मला माहीत आहे. ते त्यांनी पुन्हा सांगायची गरज नव्हती. शेजारचे विचारतात, तीस वर्षांपासून मेकॅनिक तू, भावाच्या डब्ब्याची एक तार काहून टिकत नाही? मी म्हणतो, माल पहिल्यासारखा येत नाही आता.

परवा दुपारी गेलो. ऊन असं होतं की दारापर्यंत जाईस्तोवर डोकं भणभणलं. समोरच्या खोलीत पंखा चालू, डब्बा बंद पडलेला, आणि दादा डब्ब्यापुढंच बसलेला. फळीवर ताट. दांडा आणि लाल बटण यांच्यामध्ये वहिनीनं ते जेमतेम बसवलं होतं. ताटात वरणभात. उजवा हात त्या भातात, बोटं अर्धी उघडी. त्यानं हात उचलला. निम्मा भात वाटेत सांडला, थोडा सदऱ्यावर, थोडा बटणावर, आणि उरलेला तोंडात गेला. वहिनी पाठ करून खिडकीचा पडदा सरळ करत होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

दादानं मला पाहिलं. मान खाली घालून पुन्हा ताटाकडे वळला. त्याच्याकडे पाहत उभं राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी डब्ब्याच्या मागे जाऊन खाली बसलो, दार उघडलं, आणि त्याचं जेवण होईपर्यंत ती तार पाहत बसलो.