बटन बदलणाऱ्या मावशी

घरात लाईट नसेल तर मावशी बटनाला हात लावत नसत. गावात बाकी सगळे नेमकं उलटं करत. लोडशेडिंग सुरू झालं की बाप्ये स्टुलावर चढत, जळकं बटन काढत, नवं बसवत आणि लाईट यायच्या आत खाली उतरत. मावशी मात्र लाईट येईपर्यंत ओट्यावर बसून राहत. कधी तासभर, कधी तीन तास. लाईट आली की उठत आणि पहिलं काम म्हणजे ती बंद करत.

मी तेव्हा चकलांब्याजवळच्या एका गावात शाळेवर शिक्षिका होते. यजमान नोकरीला जालन्यात, मी भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी. मावशी गावच्या दूध संस्थेत कामाला होत्या. दूध मापायचं, फॅट काढायचं, कॅन धुवायचे. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, त्याच संस्थेत वायरमन होते आणि ते वारल्यावर संस्थेनं मावशींना कामावर घेतलं, एवढंच मला ठाऊक होतं. दुष्काळाची वर्षं होती. पुरुष जनावरं घेऊन चारा छावणीत राहत, घरी बायका आणि म्हातारी माणसं. कुणाचं बटन जळालं, होल्डर सैल झाला, की निरोप मावशींकडे जाई.

माझ्या खोलीतलं दिव्याचं बटन दाबलं की चरचर आवाज यायचा. एके दिवशी ते काळं पडलं आणि जळका वास सुटला. रविवारी दुपारी मावशी कापडी पिशवी घेऊन आल्या. लाईट नुकतीच गेली होती. मी म्हणाले, बरं झालं, आता निवांत करता येईल. त्या उंबऱ्याशी बसल्या.

"लाईट न्हाई म्हंजे बंद न्हाई, बाई. ती बाहीर गेलेली हाय. कवा बी माघारी येती."

मग त्यांनी पिशवीतला टेस्टर काढून दाखवला. आत्ता हा लावला तर पेटणार नाही. पण करंट नाही म्हणून पेटला नाही की टेस्टरच बिघडलाय म्हणून, हे कळायचं कसं, असं त्यांनी मला विचारलं. शाळेत मुलांना विज्ञान मी शिकवत होते.

साडेतीनला लाईट आली. मावशींनी कोरड्या फडक्यानं हात पुसले, रबरी चप्पल घातली आणि टेस्टर प्लगच्या भोकात घातला. तो पेटला. मग मेनजवळचा फ्यूज काढून त्यांनी कनवटीला खोचला आणि टेस्टर परत त्याच भोकात घातला. पेटला नाही. बटनाचं झाकण उघडल्यावर आतल्या दोन्ही स्क्रूंनाही तो लावून बघितला. तेव्हा कुठं बोट लावलं. फ्यूज तिथंच खाली ठेवला असता तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं.

"तितं ठिवला तर कुणीतरी चांगल्या मनानं बसवून टाकील," त्या म्हणाल्या.

त्या कुणावर चिडत नसत, हसतही नसत. संस्थेच्या चेअरमनांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी बैठकीच्या खोलीतलं बटन तुटलं. मावशींना बोलावणं गेलं. लाईट नव्हती. मावशी नेहमीसारख्या ओट्यावर बसल्या. चेअरमन दोनदा बाहेर येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, हे पाच मिनिटांचं काम आहे, दुसरा कुणी असता तर एव्हाना करून गेला असता. मावशींनी मान वर करून सांगितलं, "तुमी चेरमन हाव, हे लाईटला कुटं ठावं हाय?" पाहुण्यांना अंगणात लिंबाखाली सतरंजीवर बसवावं लागलं. सोयरीक जमली. बटन दुसऱ्या दिवशी बदललं गेलं आणि चेअरमनांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

काही महिन्यांनी माझ्या स्वयंपाकाच्या खोलीतलं बटन गेलं. या वेळी मावशी म्हणाल्या, तुम्हीच करा, मी बसते. मी फ्यूज काढून कनवटीला लावला, टेस्टर आधी आणि नंतर लावून बघितला. वायर सोडवण्याआधी कुठली कुठं होती ते त्यांनी मला मोठ्यानं म्हणायला लावलं. बटन कायम तांबड्या वायरवर घ्यायचं. काळीवर घेतलं तर दिवा विझतो, पण होल्डरात करंट तसाच राहतो, हेही सांगितलं. मी वायरची टोकं साफ करत होते तेव्हा त्या मालकांबद्दल बोलायला लागल्या. मी विचारलं नव्हतं. एखाद्याच्या दुधाचं फॅट किती लागलं हे सांगावं, तसा त्यांचा आवाज होता.

त्यांच्याच घरातलं बटन होतं. दुपारची लाईट गेलेली. चार वाजेपर्यंत येणार नाही, असं वेळापत्रक संस्थेच्या फळ्यावर मालकांनी स्वतःच लिहिलं होतं.

"म्याच म्हनले, आता लाईट न्हाई, तवर करून टाका. ते म्हनले, संध्याकाळी बघू. म्या म्हनले, संध्याकाळी कशाला, आताच करा. भुई बी म्याच सारवलेली. वली व्हती. त्यांच्या पायात काय नव्हतं. लाईट आली ती दोन-तीन मिंटं आली आन पुना गेली."

माझ्या हातात वायर होती. त्या माझ्या बोलण्याची वाट बघत नव्हत्या. लोक रडले, लेक रडली, पण मला काही झालं नाही, असं त्या म्हणाल्या. आत हात घातला तर काही लागत नाही, असं वाटतं; भूकही लागत नाही, वेळ झाली की जेवायचं. बीडला डॉक्टरला दाखवलं, त्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या त्यांनी संपवल्याही.

"स्क्रू घट आवळा, बाई," त्या पुढं म्हणाल्या. "सैल राह्यला की ठिणगी पडती."

मी आवळला. फ्यूज बसवला आणि बटन दाबलं. दिवा लागला. मावशींनी पिशवी उचलली आणि संध्याकाळचं दूध घ्यायला गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात घ्यायला दूधच राहिलं नाही. छावणीतली जनावरं जगली एवढंच, दूध कुठलं देणार? आठ कॅनचे दोन झाले, मग एक, मग एका सकाळी संस्थेला कुलूप लागलं. त्या सकाळीही मावशींनी सगळे रिकामे कॅन धुऊन उन्हात पालथे घातले. पंधरा दिवसांनी त्या चाकणला लेकीकडे निघाल्या. एसटीत बसवायला मी गेले होते. त्यांनी मला खिडकीतून सांगितलं, ऊन लागतंय, घरी जा. बाकी काही नाही. गाडी गेली आणि मी खरंच घरी गेले.

नंतर माझी बदली केजला झाली, यजमानही तिथं आले. घरातली बटनं मीच बदलते. लाईट नसली की बसून राहते. यजमानांना आधी याचं हसू यायचं, आता तेही सोबत बसतात.

मावशी आता नाहीत. त्यांच्या लेकीनं कळवलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. त्याआधी काही महिने त्यांचा एक फोन आला होता. एरवी त्या स्वतःहून फोन करत नसत. सांगायला लागल्या की सकाळी लाईट गेलेली असताना जावई न्हाणीतलं बटन बदलायला स्टुलावर चढले. नका करू म्हटलं, तर पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले. मग मावशींनी त्यांचा हात धरला. सासूनं जावयाचा हात धरावा हे शोभतं का, असं त्यांनी मलाच विचारलं, आणि पुढं म्हणाल्या की धरला, सोडलाच नाही. जावई रागारागानं उतरून बाहेर निघून गेले. लेक आईला नको नको ते बोलली. तासाभरानं जावई परत आले, लाईट आली होती, तर आधी जाऊन त्यांनी मेन पाडला आणि मग काम केलं.

"ऐकलं त्यानं," मावशी म्हणाल्या.

मी म्हणाले, फार चांगलं केलंत.

"मग लेकीनं ताट वाढलं," त्या हळू म्हणाल्या. "दोन भाकरी खाल्ल्या, बाई. लई दिसानं भूक लागलीती."