रतिलालआबांची वाहवा

धुळ्यात रतिलालआबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणायचं, कारण आता रेडिओच कुणाकडे नाही, तर बिघडणार कुठून? आबा मोबाइलची कव्हरं विकतात. पण मागच्या फळीवर त्यांचा जुना टेपरेकॉर्डर अजून देवासारखा बसलेला असतो, आणि शेजारी कुलपाच्या डब्यात एक कॅसेट. त्या कॅसेटीवर आबांनी जन्मभर तोरा मिरवला.

कॅसेटीत सुनंदाबाईंचा आवाज होता. सुनंदाबाईंचं माहेर सोनगीरचं, सासर असोद्याचं. एके काळी त्यांची अहिराणी गाणी खानदेशातल्या प्रत्येक लग्नात वाजायची. पुढे सासरी कुणाला तरी ते खुपलं आणि बाईंनी गाणं सोडलं ते सोडलंच. सोडण्याआधी एका श्रावणात त्या माहेरी कानबाईच्या सणाला आल्या होत्या. देवीला डोक्यावर घेऊन बाया विसर्जनाला निघाल्या, तेव्हा सुनंदाबाईंनी चालता चालता निरोपाचं एक गाणं रचलं आणि म्हटलं. कुणी लिहून घेतलं नाही, कुठल्या कंपनीनं काढलं नाही. फक्त तरणाबांड रतिलाल टेपरेकॉर्डर छातीशी धरून त्यांच्यापुढे उलटा चालत होता. शेवटच्या कडव्याला त्याला राहवलं नाही. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "वाहवा! वाहवा, अक्का!"

ती वाहवा म्हणजे आबांची पदवी. मर्जीतल्या एखाद्याला कॅसेट ऐकवायचे, तेव्हा गाणं चालू असतानाच बोट वर करायचे, "थांब, आते येस... हाऊ, हाऊ मना आवाज!"

मर्जीत शिरणं मात्र महाकठीण. आबांनी मोबाइलवर 'अस्सल चाहते' नावाचा गट काढला होता आणि त्याच्या दाराशी स्वतःच पहारेकरी होऊन बसले होते. कुणी गाणं मागितलं की उलटतपासणी सुरू. बाईंची पहिली कॅसेट कोणती? त्या दिवशी लुगडं कोणत्या रंगाचं? कुंदन नावाचा कॉलेजातला मुलगा सगळी उत्तरं पाठ करून आला, तर त्याला म्हणाले, "पाठ करेल भक्ती शे तुनी." तरी दया आली म्हणून गटात घेतलं. गाणं दिलं नाही. रील बनवणारे त्यावर डीजे चढवतील, ही त्यांची भीती. अगदीच खोटी होती असंही नाही.

एके दिवशी दुपारी एक मुलगी बसमधून उतरून विचारत विचारत दुकानात आली. नाव पुनम, गाव असोदा.

"आबा, ते कानबाईच्या निरोपाचं गानं तुमच्याजोळ आहे म्हनतात. माह्या आजीनं गायेल आहे ते. सुनंदाबाई माही आजी."

आबा हसले. सुनंदाबाईंच्या भाच्या आणि पुतणे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"बठ्ठं नही दिलं तरी चालंन," पुनम म्हणाली. "फक्त शेवटचं कडवं ऐकवा. आजीले तेवढंच आठवत नही. या सालच्या कानबाईत मले म्हनाचं आहे. तिच्या मनात आहे तसं."

"गानं तिनं रचं, आनि तिलेच आठवत नही?" आबांना चोर मुद्देमालासकट सापडल्याचा आनंद झाला. "लुगडं कोनता रंगनं व्हतं त्या दिवशी?"

पुनमला काय ठाऊक? आजी घरात कधी गायली नव्हती, आणि त्या दिवसाबद्दल कधी बोललीही नव्हती. तिनं घरी फोन लावला आणि आबांच्या कानाशी धरला. तिकडून घरघर ऐकू आली, फुटक्या बांबूत वारा शिरल्यासारखी. घशाच्या ऑपरेशननंतर आजीचा तेवढाच आवाज उरला होता. पुनमनं तेही सांगितलं.

आबांनी फोन परत केला. "सुनंदाबाईना आवाज मी झोपमा बी वळखस, पोरी. हाऊ तिना नही. रोट भाऊबंदमाच वाटतस, वाटसरूले नही."

कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची पोळी, घरच्यांनीच खायची असते, हे खरं. पण समोर घरचीच उभी होती, आणि हा परका माणूस तिला परकी म्हणत होता. पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन अजून चालू होता. त्यातून ती घरघर पुन्हा आली, आणि या वेळी शब्द कळले: "ऱ्हाऊ दे, पोरी."

आषाढात कुंदननं गटात बातमी टाकली: सुनंदाबाई गेल्या. खाली घरचा फोटो होता, आणि त्यात पुनम. आबांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. मग दुकानाचं शटर ओढलं आणि आत अंधारात बसून राहिले. अरे माणसा, ज्या बाईसाठी जन्म वाहिलास, ती तुझ्या कानाशी येऊन बोलली आणि तू तिला खोटी ठरवलंस!

दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ते असोद्याला गेले. पुनमच्या आईनं, लताबाईनं, पाणी दिलं. कुणी एक शब्द टाकून बोललं नाही. तेच आबांना जास्त लागलं.

"ऐक पोरी," एवढंच म्हणून त्यांनी कॅसेट लावली.

तो जुना, भरलेला आवाज ओसरीवर आला आणि लताबाईनं तोंडाला पदर लावला. तिनंही सासूला गाताना कधी ऐकलं नव्हतं. पुनम मात्र ओठ हलवत होती. आधीची कडवी आजीनं घरघरत का होईना, शिकवली होती. शेवटचं कडवं आलं. पुनम पुढे सरकली.

"वाहवा! वाहवा, अक्का!"

आणि मग नुसते ढोल.

"आबा, अठी आजी काय म्हनली?"

आबांनी टेप मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. वर्षानुवर्षं ते या जागी बोट वर करून स्वतःच्या आवाजाची वाट पाहत आले होते. त्याखाली अक्का काय म्हणाल्या, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"माले नही माहीत, पोरी," आबा म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

पुनमनं टेपरेकॉर्डर आपल्याकडे ओढला, टेप मागे घेतली आणि कान अगदी जाळीला लावला. परत रतिलालच ओरडला.