पेन्सिलीतले गुन्हे

देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी ज्या टेबलावरून छापायला जातात, त्या टेबलामागे माझी मावशी बसते. कचेरीत तिला तळटीपबाई म्हणतात, कारण खाली चार ओळी खरडल्याशिवाय ती एकही आकडा हातचा सोडत नाही. घरीही तीच तऱ्हा. आई म्हणाली, "यंदा ऊन फार आहे," की ही विचारणार, "कधीपेक्षा?" वीट येतो अगदी.

यंदा देशात मारहाणीचे गुन्हे नऊ टक्क्यांनी वाढले आणि त्यातली निम्मी वाढ एकट्या आमच्या शहरातली निघाली; शहराचा आकडा थेट दुप्पट झाला होता. वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. शहराच्या पोलीसप्रमुख बाई दीड वर्षापूर्वीच आलेल्या. सोमवार संध्याकाळपर्यंत वाढीचं कारण मिळालं नाही, तर त्यांची उचलबांगडी ठरलेली होती. मावशीला मात्र तो आकडा काही केल्या पटेना. शहरातले खून तेवढेच, दवाखान्यात आलेले जखमीही तेवढेच, मग मारहाण दुप्पट कशी?

रविवारी आमच्याकडे मटार सोलता सोलता ती हेच दळण दळत बसली होती. आई शांतपणे म्हणाली, "पूर्वी चौकीत पेन्सिलीने लिहायचे. साहेबांनी मान डोलावली तर वर शाई, नाहीतर खोडरबर. मागच्या वर्षी मी शेजारणीला घेऊन गेले, तर पहिल्या अक्षरापासून पेन. नव्या बाईंनी सगळ्या चौक्यांतल्या पेन्सिली काढून घेतल्यात म्हणे."

"पूर्वीचं तुला गं काय माहीत?"

"माझंही लिहिलं होतं की. हात मोडला त्या वर्षी."

मावशीचे हात थांबले. वडिलांनी हात उगारला आणि आईने ते घर सोडलं, एवढं तिला ठाऊक होतं. आई चौकीत जाऊन आली होती, हे ना तिला माहीत होतं, ना मला. मला तेव्हा वडिलांपेक्षा त्या खोडरबरवाल्याचा जास्त राग आला.

सोमवारी सकाळीच मावशीने चौक्यांच्या जुन्या वह्या मागवल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. पानापानावर खोडल्याच्या खुणा होत्या. दुपारी तिची तळटीप वर गेली: शहरात मारहाण वाढल्याचा पुरावा नाही, आता तिची नोंद होते. बाईंची बदली टळली.

मग तिने अकरा वर्षांपूर्वीचा तक्ता काढला. आईचा हात मोडला ते वर्ष. 'समाधानकारक घट' हा शेरा तिच्याच हातचा होता. त्याखाली तिने नवी टीप लिहिली आणि संध्याकाळी कागद घेऊन आमच्याकडे आली. आईसमोर बसून तिने वाचलं, "या आकड्यात किमान एक नोंद कमी आहे."

"एक कशी?" आई म्हणाली. "बाकावर माझ्या शेजारी आणखी दोघी होत्या."

मावशीने पर्समधून पेन काढलं आणि एकचे तीन केले.