अब्बांची फ्रान्सवाली
आमच्या सासूबाई अमिरुन्निसा मूळच्या दापोलीकडच्या. सौदीत, दम्मामला आमच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली, पण जीभ अजून गावचीच, तिखटजाळ! येताजाता सगळ्यांवर तोंडसुख घेतील, वडिलांचं नाव मात्र काढणार नाहीत. का, तर त्यांची फ्रान्सवाली!

त्यांचे अब्बा इंग्रजांच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत सापडले, तिथून निसटले आणि फ्रान्सच्या एका खेड्यात लपले. घरी सांगितलं ते एवढंच आणि त्या गावाचं नाव. पण दुआ मागताना दरवेळी ‘मादलेन’ म्हणायचे आणि डोळे पुसायचे. बायकोने विचारलं की गप्प. मग काय, तिने समजायचं ते समजून घेतलं! जन्मभर नवऱ्याशी धड बोलली नाही. आईची बाजू घेऊन सासूबाईंनीही अबोला धरला. अब्बांच्या शेवटच्या आजारातसुद्धा भेटायला गेल्या नाहीत.

माझी लेक इफरा म्हणजे नको तिथे नाक खुपसणारी. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने ते गाव इंटरनेटवर हुडकलं. जेमतेम वीस-पंचवीस घरं. चर्चसमोरच्या दगडावर युद्धात मेलेल्यांची नावं, त्यात मादलेन. तिचा म्हातारा मुलगा अजून तिथेच राहतो.

त्याच्या नातीला गाठून शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. “दादी, यल्ला, लवकर!”

सासूबाई तणतणत येऊन बसल्या. “विचार त्याला, तुझी आई माझ्या बापाची कोण?”

इफराने इंग्रजीत, जरा गोड करून विचारलं. तिकडे त्याच्या नातीने फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हातारा बराच वेळ बोलला. मग इफरा सांगू लागली.

“दादी, या आजोबांच्या आईने अब्बांना गोठ्याच्या माळ्यावर लपवलं होतं. गवताखाली. सोल्जर आले, पण ती बोललीच नाही. अंगणातच शूट केलं तिला. हे आजोबा बघत होते, लहान होते.”

बाई आपल्यापायी मेली आणि आपण वर श्वास रोखून पडलो होतो, हे अब्बा कुठल्या तोंडाने सांगणार होते?

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. “माफी माग गं इफरा, माझ्या वतीने. काय काय बोललो आम्ही तिला!”

पण म्हाताऱ्याला दुसरंच हवं होतं. तो माणूस घरी पोचला का? त्यांना कधी कळलंच नव्हतं.

“पोचले, म्हणावं,” सासूबाई रडत म्हणाल्या. “मी लढाईनंतरची. माझ्या पाठीवर तीन भाऊ.”

ते ऐकून म्हातारा डोळे पुसत स्क्रीनजवळ सरकला. इफरा म्हणाली, “दादी, ते म्हणतायत, जरा उजेडात बसा. मला तुम्हाला नीट बघू द्या.”

सासूबाई उठल्या, खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या.