क्लचवरचा पाय

ट्रॅक्टरच्या क्लचवर आमच्या मामेसासऱ्यांइतका जीव लावणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. असलाच, तर त्या दोघांची गाठ पडू नये एवढीच माझी इच्छा आहे. गिअर बदलायला क्लच पुरता दाबायचा आणि बदलून झाला की पाय पेडलवरून खाली, हा मामांचा धर्म. नुसता टेकवलेला पायसुद्धा आतली प्लेट घासत राहतो, हे ते लग्नाच्या पंगतीतही ताटावर पापड घासून दाखवत. एकदा मी त्यांना माझ्या गाडीतून शहरातल्या छावणीहून फुलंब्रीला सोडायला निघालो, तर सबंध वाट त्यांनी रस्त्याकडं पाहिलंच नाही. नजर माझ्या डाव्या पायावर. शेवटी म्हणाले, "जावईबापू, काढा तो पाय. क्लच हाय ते, पायपुसणं नाय!"

सिल्लोडला जिनिंगच्या दारात कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. सगळे ट्रॅक्टर अर्धा क्लच दाबून मुंगीच्या पावलानं सरकतात. एकदा मामा आपला ट्रॅक्टर घेऊन त्या रांगेत होते, त्यांना ते बघवेना. ते खाली उतरले आणि एकेका अनोळखी माणसाला बजावत रांगेच्या टोकापर्यंत गेले, "म्होरल्याला धा हात जाऊ द्या, मंग गिअर टाका." परत आले तोवर मागचे चौघे पुढं निघून गेले होते. मामा शांत. "नंबर गेला तर जाऊ द्या, प्लेट ऱ्हायली पायजे."

आणि गेल्या वर्षी त्यांच्याच ट्रॅक्टरची प्लेट गेली. इंजिन नुसतं गुरगुरायचं, नांगर काही ओढायचं नाही. मेकॅनिकनं खोलून पाहिलं आणि म्हणाला, "कुणीतरी पाय ठेवून चालवलाय." मामांचा मुलगा शहरात नोकरीला, रविवारी येऊन तोच ट्रॅक्टर चालवी. आळ अर्थातच त्याच्यावर. "आबा, मी पाय ठेवतच नाय," तो परोपरीनं सांगत होता. मामांनी चावी काढून घेतली आणि बोलणंच टाकलं. दोन महिने पोरगं गावाकडं फिरकलं नाही. मामी माझ्यापाशी रडल्या.

नवी प्लेट बसल्यावर एकदा मी मामांच्या शेजारी मडगार्डवर बसलो होतो. सहज खाली पाहिलं. मामांचा डावा पाय क्लचवर होता. नांगराचं तास संपून बांध येईपर्यंत तिथंच. गुडघा धरल्यापासून तो वेळेवर उचलत नव्हता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. सांगताना माझ्या जिवावर आलं, पण पोराचा रिकामा रविवार डोळ्यांपुढं होता.

"मामा, पाय."

त्यांनी खाली पाहिलं. ट्रॅक्टर थांबवला. मग तिथूनच मुलाला फोन लावला. "रविवारी ये. चावी घिऊन जा. प्लेट म्याच खाल्ली रं."

रविवारी तो आला. मामा बांधावर बसून आवाज ऐकत होते. लेकानं गिअर बदलला की त्यांचा डावा पाय मातीत दाबला जाई आणि तसाच राही. मी ते पाहत होतो. या खेपेला काही बोललो नाही.