जर्मन वकील आणि बेटावरची बाई

भिवंडीच्या कोर्टातले आमचे 'जर्मन' वकील टेलिफोनवर होकार जर्मनमधून देत, आणि जर्मनमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात. अंजूरचा पक्षकार रविवारी दुपारी फोनवर विचारी, "सायेब, जामीन होईल ना?" हे म्हणत, "या, या!" की तो रिक्षा करून चार नातेवाइकांसह ऐन जेवणाच्या वेळी दारात. नकाराची तऱ्हा आणखी वेगळी. दिघाशीच्या एका म्हाताऱ्याने "तारीख पुढं जाईल काय?" असं विचारलं, तेव्हा वकील "नाईन" म्हणाले. म्हातारा नऊ तारखेला भाकरी बांधून कोर्टात हजर! एका लूम कामगाराचे त्यांनी "डांके" म्हणून आभार मानले, तर तो बिचारा घाबरला. "डाका नहीं साब, खाली मारपीट का केस है!"

तरुणपणी जर्मनीला जायचं म्हणून त्यांनी मुंबईत जर्मनचे वर्ग सुरू केले होते. मधेच वडील गेले, घरची वकिली गळ्यात पडली आणि जर्मनी राहिली. "भाषा अर्धीच झाली," ते सांगत, "उरलेली अर्धी मी स्वतः तयार केली. जर्मन माणूस भिवंडीत येणार कधी आणि मला पकडणार कधी?"

त्यांच्या पत्नी सुलभावहिनी फार सुरेख गात. त्यांना नाशिकच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी चालून आली. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. वकिलांनी त्यांना साफ नकार दिला. "भिवंडीत काय सूर लागत नाहीत?" चहूकडे लूमचा खडखडाट चालू असताना हे विचारायला वकीलच हवा. वहिनी भांडल्या नाहीत. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली, तो कपाटामागे उभा केला आणि गाणं बंद केलं. बोलणंही "पान वाढलंय" एवढ्यावर आलं. वकील बाररूममध्ये हसून सांगत, "घरात सध्या स्टे ऑर्डर आहे." पण त्यांचा डबा हल्ली अर्धा परत जाई, हे आम्हाला दिसत होतं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या वाचनालयाने मुंबईच्या एका फिल्म सोसायटीकडून जुना जर्मन चित्रपट आणवला. कार्यक्रम ठरवणारा मीच. हॅम्बुर्गची एक गायिका उष्ण प्रदेशातल्या कुठल्याशा बेटावर येते आणि नारळीच्या बागांच्या मालकाशी लग्न करून तिथेच अडकते, अशी ती कथा. रीळ चढवल्यावर कळलं, खाली इंग्रजी अक्षरंच नाहीत. सभागृह गच्च भरलेलं. मी माइक वकिलांच्या हातात दिला.

सुरुवातीला त्यांनी धमाल उडवली. नायक नायिकेच्या कानाशी कुजबुजला, की हे सांगत, "तो म्हणतो, यंदा नारळ बरा आलाय." बोटीवरचा कप्तान तावातावाने बोलला, तर म्हणाले, "वज्रेश्वरीची गाडी गेली म्हणतोय." पहिल्या रांगेतले लूममालक हाजीशेठ हसून हसून रुमालाने डोळे पुसत होते.

मग पडद्यावर ती बाई पियानोपाशी बसून गाऊ लागली. नवरा आला आणि त्याने पियानोचं झाकण धाडकन आपटलं. तिने कसाबसा हात मागे घेतला. तो तिच्यावर ओरडत होता आणि आमचा माइक गप्प होता.

"वकील, काय म्हणतो तो?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो म्हणतो..." वकिलांनी घसा साफ केला. "तो म्हणतो, माझी चूक झाली."

"अहो, तो तर अंगावर धावून जातोय!"

"मनातून म्हणतोय."

सभागृह खदखदून हसलं. दुसऱ्या रांगेत सुलभावहिनी मात्र ताठ बसल्या होत्या.

पुढे नवऱ्याला तापाने गाठलं. तिने त्याची सेवा केली, पण व्हायचं ते झालं. तो पलंगावर निश्चल पडला आणि नोकराने त्याच्यावर चादर ओढली. तेवढ्यात माइकमधून आवाज आला, "तो म्हणतो, जा तू. जूनमध्ये रुजू हो. मी खानावळीत जेवेन."

हाजीशेठ उभेच राहिले. "वकीलसाब, वो तो मर गया ना?"

"मेला असेल, पण शब्दाचा पक्का आहे."

या वेळी हसू उशिरा आलं. ते ओसरल्यावर दुसऱ्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, "त्याला विचारा, शनिवारी भेटायला येणार का?"

"या!" वकील म्हणाले. "या, या!"

जूनमध्ये वहिनी तंबोरा घेऊन नाशिकला गेल्या. वकील दर शनिवारी एसटीने जात आणि खानावळीच्या आमटीला यथेच्छ शिव्या घालत. नव्वद सालानंतर त्यांनी भिवंडीतली वकिली आवरली. निरोपाच्या चहाला कुणीतरी टोमणा मारला, "काय, आता बायकोच्या गावी?" ते म्हणाले, "हो. तिथे मी 'बाईंचे मिस्टर'. हुद्दा मोठा आहे, पण पोशाखाची सक्ती नाही."

पाच-सहा वर्षांनी ते वारले. मी नाशिकला भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी चहा दिला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या, "त्यांना सुरातलं काही कळत नव्हतं हो. तरी सकाळी मी रियाजाला बसले, की आतून ओरडायचे, 'आज पंचम जरा चढलाय!' एकदाही खरं नसायचं. पण मी पुन्हा लावून बघायचे."

कप उचलता उचलता त्या थांबल्या. "अजूनही बघते," म्हणाल्या.