मास्तरांचा कच्चा दात

शिंपीमास्तर कात्री समोर असूनही दोरा दातानेच तोडायचे. मात्र नुसते कच्चे टाके घातलेला कपडा, गिऱ्हाईक हातापाया पडलं तरी, ते दुकानाबाहेर जाऊ देत नसत.

पुढच्या दाताचं रूट कॅनॉल झालं, ठणका थांबला आणि मास्तरांनी कॅप बसवायला जाणंच टाळलं. "दुखत नाही, मग उगाच कशाला?" ते बायकोवर खेकसले.

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्याच कोटाला बटण लावताना दोऱ्याऐवजी दात तुटला. मास्तर तोंडावर रुमाल धरून दवाखान्यात गेले.

"दुखणं थांबलं म्हणजे काम संपलं असं नसतं, मास्तर. असा दात ठिसूळ होतो, म्हणून कॅप," बाई मायेने म्हणाल्या. "मी कच्च्या टाक्यांवर कोट मागितला असता, तर दिला असतात?"

मास्तरांनी निमूटपणे आ केला.